पन्नाशीनंतरची एक तपासणी : करावी की न करावी?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात हिंगणा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आज आम्हांस जो विषय नेमून दिला आहे, तो सभेत बोलावयास थोडा अवघड आहे. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवर परिचय, वसतिगृहाचा निधी या विषयांवर आपल्या संमेलनांत आजवर पुष्कळ बोलणे झाले. परंतु पुरुषांच्या लघवीच्या विकाराचा उच्चार या व्यासपीठावरून कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तथापि येत्या आरोग्य शिबिरात पन्नाशी उलटलेल्या सर्व ज्ञातिबांधवांची पी.एस.ए. नावाची रक्ततपासणी मंडळाच्या खर्चाने करावी, अशी सूचना मंडळापुढे आलेली आहे. सूचना करणारांचा हेतू निर्मळ आहे याबद्दल आम्हांस यत्किंचितही शंका नाही. ती जशीच्या तशी स्वीकारावी की तीत काही फेर करावा, याविषयी आमचे विचार आपल्यापुढे ठेवण्यासाठी आम्ही उभे आहोत. आम्ही वैद्य नव्हे; मॅट्रिक होऊन जन्मभर शाळेत अंकगणित शिकविलेले शिक्षक आहोत. पण हा प्रश्न निम्मा वैद्यकाचा असला तरी निम्मा अंकगणिताचा आहे, असे वाचनान्ती आमच्या ध्यानात आले. आणि त्या निम्म्यापुरता आमचा अधिकार आपण मान्य कराल अशी आशा आहे.

प्रथम ही ग्रंथी कोणती, ते सांगितले पाहिजे. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून, अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. परिभाषेत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. दवाखान्यात सर्वजण प्रोस्टेट म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. वीर्यातील काही द्रव निर्माण करणे हे तिचे काम. वय वाढते तशी ही ग्रंथी बहुतेक पुरुषांत वाढते, आणि मधून जाणारी नलिका आवळली जाते. मग रात्रीतून तीनचारदा उठावे लागते, धार बारीक होते, थेंब थेंब गळत राहतो, आणि कधी एखाद्या रात्री लघवी साफ तुंबून दवाखाना गाठावा लागतो. ही झाली साधी वाढ. ती त्रासदायक आहे, पण ती कर्करोग नव्हे आणि तिचेच पुढे कर्करोगात रूपांतर होते असेही नाही. याच ग्रंथीत कर्करोगही होतो. तो बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होत असल्यामुळे आरंभी त्याचा काहीच त्रास जाणवत नाही. म्हणजे ज्याला त्रास आहे त्याला बहुधा साधी वाढ असते, आणि ज्याला आरंभीचा कर्करोग आहे त्याला बहुधा त्रास नसतो. हा उलटा न्याय ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे सगळे समजावयास सोपे जाते.

येथे एक भेद करणे अत्यंत आवश्यक आहे. लक्षण दिसल्यावर करावयाची तपासणी निराळी आणि काहीही होत नसताना करावयाची तपासणी निराळी. दुसरीला आम्ही चाळणी म्हणू. आमचे आजचे सर्व विवेचन चाळणीपुरते आहे. ज्यांना लघवीत रक्त दिसते, लघवी अडते, कमरेचे किंवा मांडीचे हाड रात्रंदिवस ठणकते, विनाकारण वजन उतरते, त्यांनी हे भाषण ऐकत बसू नये. त्यांनी दवाखान्यात जावे. त्यांच्यापुढे करावे की न करावे हा प्रश्नच नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी वर्षभर कंबरदुखीला तेल चोळले, शेक घेतला, मांत्रिकही केला. लघवीचाही त्रास होता, पण सुनेसमोर ते कसे बोलावे म्हणून बोलले नाहीत. अखेरीस तपासले तेव्हा रोग मणक्यात उतरलेला होता. अशा दुखण्याबरोबर पायांतील शक्ती जाऊ लागली किंवा पाय बधिर होऊ लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाटदेखील पाहू नये. मज्जारज्जूवर दाब येऊन माणूस कायमचा पांगळा होऊ शकतो. डॉक्टर बोटाने आतून तपासतात म्हणून लाजणारे पुरुष आम्ही पाहिले आहेत. बाळंतपणे सोसलेल्या आपल्या गृहिणींपुढे ही लाज सांगण्याचीसुद्धा लाज वाटावयास पाहिजे.

आता ज्यांना काहीही होत नाही, त्यांच्याकडे वळू. पी.एस.ए. हे प्रोस्टेटच्या पेशी निर्माण करतात असे एक प्रथिन आहे. त्याचा अल्प अंश रक्तात उतरतो आणि रक्ताच्या थेंबांतून तो मोजता येतो. रोग झालेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी या तपासणीला अमेरिकेच्या सरकारी खात्याने १९८६ साली मान्यता दिली आणि १९९४ साली रोग शोधण्याच्या कामीही दिली. पुढे ती जगभर पसरली. आपल्याकडे ती संपूर्ण शरीर तपासणीच्या ठरीव यादीत येऊन बसली आहे. पंचवीस-तीस तपासण्यांबरोबर तीही होऊन जाते, आणि होईपर्यंत घेणाऱ्याला तिचे नावही ठाऊक नसते. गमतीची गोष्ट अशी की, ज्या रिचर्ड अ‍ॅब्लिन नामक शास्त्रज्ञाने प्रोस्टेटमधील या जातीच्या प्रथिनाचा शोध १९७० साली प्रसिद्ध केला, त्यानेच २०१० साली न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्रात लेख लिहून, सरसकट सर्वांची ही तपासणी करणे हे लोकांचे मोठे अहित आहे, असे जाहीर केले. आम्ही त्याच्याइतके टोकाला जात नाही. परंतु शोध लावणाराच जेथे हात आखडता घेतो, तेथे आपण डोळे मिटून रांग लावू नये, एवढे तरी खरे.

या चाळणीची भोके कशी आहेत ते पाहा. रक्तातील आकडा मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅमच्या वर गेला की पूर्वीपासून तो वाढलेला समजतात. पण साध्या वाढीनेही आकडा चढतो, लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग झाला की चढतो, नळी घातली की चढतो, दूरवर सायकल दामटली किंवा आदल्या दिवशी स्त्रीसंग झाला तरी थोडासा चढू शकतो. ४ ते १० या दरम्यान आकडा आलेल्या पुरुषांचे तुकडे काढून तपासले, तर पाश्चात्त्य देशांत सुमारे चौघांत एकालाच कर्करोग आढळतो. उलट आकडा ४ च्या आत असूनही रोग असू शकतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत अशा वृद्ध पुरुषांपैकी शंभरांत सुमारे १५ जणांत तो आढळला. म्हणजे आपल्या घरच्या पिठाच्या चाळणीत कोंडा वर राहतो आणि पीठ खाली पडते, तसे येथे होत नाही. थोडे पीठ वर राहते आणि थोडा कोंडा खाली पडतो.

परंतु खरा पेच याच्या पुढे आहे. हा कर्करोग सर्वांत सारखा वागत नाही. काहींत तो झपाट्याने हाडांत जातो. पुष्कळांत मात्र तो इतका संथ असतो की, माणूस आपले आयुष्य पुरे करून दुसऱ्याच कारणाने जातो आणि आपल्याला काही होते हे त्याला कळतही नाही. इतर कारणांनी मरण पावलेल्या सत्तरीपुढील पुरुषांच्या ग्रंथी पाश्चात्त्य देशांत तपासल्या, तेव्हा तिघांत एकाच्या किंवा त्याहूनही अधिकांच्या ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी आढळल्या. अशा माणसाचा रोग चाळणीने शोधून काढला म्हणजे त्याचे भले केले असे होत नाही. त्याला एक नवी चिंता, एक शस्त्रक्रिया आणि एक कायमचे दुखणे मात्र मिळण्याचा संभव असतो.

आता अंकगणित. फळ्याशिवाय सांगावयाचे म्हणून सावकाश सांगतो. अमेरिकेतील एका तज्ज्ञ समितीने २०१८ साली एक हिशेब मांडला. ५५ ते ६९ वयाच्या १००० पुरुषांना ही तपासणी देत गेले आणि १३ वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले, तर काय होते? सुमारे २४० जणांचा आकडा केव्हा ना केव्हा वाढलेला निघतो. त्यांपैकी १०० जणांत कर्करोग सापडतो. म्हणजे १४० जण विनाकारण घाबरले. या १०० पैकी २० ते ५० जणांचा रोग असा असतो की, तो न शोधता तरी त्यांना त्याची बाधा झाली नसती. ८० जण आज ना उद्या शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार करून घेतात. त्यांतील सुमारे ५० जणांचे पुरुषत्व क्षीण होते, आणि १५ जणांचा लघवीवरचा ताबा जातो. रोग दूर पसरण्यापासून सुमारे ३ जण वाचतात. मृत्यू टळतो तो एकाचा, किंवा काटेकोर सांगावयाचे तर १.३ जणांचा. आणि तपासणी करूनही ५ जण याच रोगाने जातात.

यावर कोणी म्हणेल, तेरा वर्षे हा काळ थोडा आहे; रोग संथ आहे तर फायदाही उशिरा दिसेल. हा आक्षेप रास्त आहे. युरोपातील आठ देशांत १९९० नंतर सुरू झालेल्या फार मोठ्या प्रयोगात सुमारे १ लाख ६२ हजार पुरुष होते. त्याचा २३ वर्षांचा निकाल २०२५ साली प्रसिद्ध झाला. तपासणीला बोलाविलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. तेरा टक्के हा आकडा ऐकावयास बरा वाटतो. पण टक्के कशाचे, हे विचारल्यावाचून टक्क्याचे उदाहरण सोडवू नये, हे आम्ही चौथीच्या मुलांना सांगत आलो. न बोलाविलेल्या १००० पुरुषांत या रोगाने सुमारे १६ मृत्यू झाले, बोलाविलेल्यांत १४. हजारात दोन. दुसऱ्या रीतीने मांडले तर, ४५६ पुरुषांना बोलाविले आणि त्यांतून १२ जणांचा रोग अधिक सापडला, तेव्हा एकाचा मृत्यू टळला. ज्या घरातील तो एक असेल त्या घराला हा हिशेब थोडा वाटणार नाही, हेही आम्ही जाणतो. म्हणूनच आम्ही तपासणीला निरुपयोगी म्हणत नाही. फायदा आहे, तो लहान आहे आणि उशिराचा आहे. त्याची किंमत बरेच जण देतात, आणि ती लगेच देतात.

हे आकडे गोऱ्या लोकांचे आहेत. भारतीय पुरुषांत हा रोग त्यांच्या मानाने बराच कमी आहे. त्यामुळे तितक्याच तपासण्यांतून आपल्याकडे वाचणारे कमी असणार, असा साधा तर्क आहे. मात्र आपल्याकडे जे रुग्ण येतात त्यांतील पुष्कळ रोग पसरल्यावर येतात, आणि तो दोष चाळणी नसल्याचा जितका आहे त्याहून अधिक, आमच्या मते, दुखणे लपविण्याचा आहे.

उपचारांत अलीकडे एक चांगला फेर झाला आहे, तोही सांगितला पाहिजे. आकडा वाढला की लगेच सुया टोचून तुकडे काढावयाचे, अशी पूर्वी पद्धत होती. बारा एक तुकडे काढतात. त्यानंतर रक्त जाते, आणि काहींना जंतुसंसर्ग होऊन इस्पितळात राहावे लागते. आता चांगल्या ठिकाणी आधी आकडा पुन्हा तपासतात, मग एम.आर.आय. काढतात, आणि संशयाची जागा दिसली तरच बायोप्सी करतात. रोग सापडून तो सौम्य निघाला, तर तो काढून न टाकता केवळ नियमित तपासण्या करून त्याच्यावर नजर ठेवण्याचीही रीत आहे. ब्रिटनमधील एका प्रयोगात १६४३ पुरुषांचे तीन गट केले होते. एकाची शस्त्रक्रिया, दुसऱ्याला किरण, तिसऱ्यावर केवळ नजर. १५ वर्षांनंतरचा निकाल २०२३ साली आला. तिन्ही गटांत शंभरांपैकी सुमारे ९७ जण या रोगाने गेलेले नव्हते. नजर ठेवलेल्या गटात रोग अधिक जणांत पसरला, परंतु मृत्यूत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा रोग सापडला म्हणजे कापलेच पाहिजे असे नाही. पण येथे मनुष्यस्वभाव आडवा येतो. पोटात साप आहे पण तो निजलेला आहे, असे सांगितल्यावर कितीजण सुखाने जेवतील? ज्याला ते जमणार नाही, त्याने चाळणीच्या पायरीवर पाय ठेवण्यापूर्वीच तसा विचार करावा. कारण रक्त दिले की पहिली पायरी चढली. पुढच्या पायऱ्यांवर थांबणे फार थोड्यांना साधते.

कोणी विचारील की, कर्करोग लवकर शोधा असे सरकार सांगते आणि तुम्ही उलटे सांगता काय? मुळीच नाही. चाळणी चाळणीत फरक असतो. आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण घ्या. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय यांच्या साहाय्याने १९९९ पासून १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाळणीचा प्रयोग झाला. त्याचा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. विषाणू शोधणारी एकच तपासणी आयुष्यात एकदा झालेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे निम्मे झाले. खेड्यांतील गरीब आयाबहिणींनी जगाला शिकविलेला हा धडा आहे, आणि शाळेच्या पुस्तकात तो असावयास हवा होता. तेथे रोगाची पूर्वावस्था सापडते आणि ती थोडक्यात काढून टाकता येते. प्रोस्टेटमध्ये तसे नाही. म्हणूनच केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील लोकांसाठी तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासण्या आहेत, पी.एस.ए. त्यात नाही. भगिनींनो, तुमच्यासाठीच्या दोन्ही तपासण्या चुकवू नका. आजचा आमचा संकोच त्यांना लागू नाही.

तोंडाचा विषय निघालाच आहे, तर थोडे स्पष्ट बोलतो. या सभागृहाबाहेरच्या कोपऱ्यात खर्ऱ्याच्या पन्न्यांचा जो ढीग पडला आहे, तो आम्ही आत येताना पाहिला. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात धरावयाचा, आणि शिबिरात मात्र प्रोस्टेटची तपासणी मागावयाची, हा कोणता हिशेब? नागपूर भागात पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग अग्रभागी आहे. त्याची तपासणी म्हणजे केवळ तोंड उघडणे. तिला सुई लागत नाही, पैसा लागत नाही. केरळातील एका मोठ्या प्रयोगात तंबाखू खाणाऱ्या व मद्य घेणाऱ्या लोकांची तोंडे वेळोवेळी पाहिल्याने मृत्यू कमी झाल्याचे २००५ सालीच दिसून आले. मंडळाकडे जर दोनच तास डॉक्टर असतील, तर ते दोन तास आमच्या ज्ञातिबांधवांच्या तोंडांसाठी खर्च व्हावेत असे आमचे स्वच्छ मत आहे.

असो. आता पुरुषाने हा निर्णय करावयाचा तो कसा? वर सांगितलेल्या अमेरिकन समितीने २०१२ साली कोणीच ही तपासणी करू नये असे म्हटले होते; २०१८ साली तिने मत बदलले आणि ५५ ते ६९ या वयात ज्याने त्याने डॉक्टरशी बोलून ठरवावे, सत्तरीनंतर करू नये, असा सल्ला दिला. ज्याने त्याने ठरवावे, हे शब्द दिसावयास सोपे आहेत. आपल्याकडे ठरवितो कोण? पुण्याला किंवा परदेशात असलेला मुलगा वाढदिवसाची भेट म्हणून तपासणीचे पैसे भरतो. रक्त नेणारा पोरगा सकाळी दारात येतो, वडील हात पुढे करतात. इंग्रजीतला अहवाल मुलाच्या भ्रमणध्वनीवर येतो, त्यात एका आकड्यापुढे ठळक खूण असते. मग भाऊबंदांत फोनाफोनी सुरू होते, आणि ज्याचे शरीर आहे त्याला मात्र, बाबांना सांगू नका, त्यांना ताण होईल, म्हणून बाजूला बसवितात. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचा आकडा असाच ५ च्या वर आला. तीन महिने घरात कोणी नीट जेवले नाही. पुढे लघवीचा संसर्ग निघाला, औषध झाले, आणि आकडा निम्म्याहून खाली आला. मुलाचे प्रेम खोटे नव्हते. पण वडिलांना विचारल्यावाचून केलेली सेवा, ही सेवा नव्हे.

आमच्या मते हात पुढे करण्याआधी पुरुषाने आपल्या पत्नीशी आणि मग नेहमीच्या डॉक्टरशी बोलावे. पत्नीशी अशासाठी की, रात्री तुम्ही किती वेळा उठता हे तुमच्यापेक्षा तिला अधिक ठाऊक असते. आणि उपचाराचे जे परिणाम आम्ही सांगितले, त्यांचा संबंध दोघांच्या संसाराशी आहे. डॉक्टरला आपल्या घराण्याची हकीकत सांगावी. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा रोग झाला असेल, तर आपला धोका सुमारे दुप्पट होतो. विशेषतः त्यांना तो तरुण वयात झाला असेल, किंवा घराण्यातील स्त्रियांत स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग असेल, तर गोष्ट निराळी, आणि पन्नाशीच्या आधीच डॉक्टरशी बोलावे. आपले वय आणि इतर दुखणी यांचाही विचार हवा. ज्याचे हृदय किंवा मूत्रपिंड आधीच थकले आहे, त्याला पंधरा वर्षांनी मिळणाऱ्या फायद्यासाठी आजची यातायात कशाला? आणि शेवटी स्वतःच्या मनाला विचारावे. आकडा वाढला तर पुढच्या पायऱ्या चढण्याची आपली तयारी आहे काय? नसेल, तर आकडा जाणून घेऊन करावयाचे काय?

हा विचार करून एकाने तपासणी करावी आणि दुसऱ्याने करू नये, तर दोघांनाही आम्ही शहाणेच म्हणू. येथे बरोबर उत्तर एकच, असे नाही. अंकगणिताच्या शिक्षकाला हे म्हणणे जड जाते, पण तसे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या नेल्सन मंडेलांना २००१ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी हा रोग असल्याचे कळले. किरणोपचार झाले, आणि पुढे बारा वर्षे जगून २०१३ साली ते ९५ व्या वर्षी गेले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांना २०२५ च्या मे महिन्यात, वयाच्या ८२ व्या वर्षी, हाडांत पसरलेला रोग निघाला. त्यांची शेवटची पी.एस.ए. तपासणी २०१४ साली झाली होती, असे त्यांच्या वतीने सांगण्यात आले. जगातील उत्तम डॉक्टर ज्याच्या उशापायथ्याशी, त्याच्या बाबतीतही नियम एखाद्या वेळी चुकतो. म्हणून एकाच्या उदाहरणाने सर्वांचा नियम ठरवू नये, आणि सर्वांच्या नियमाने कोणा एकाची शाश्वती देऊ नये.

ज्यांनी तपासणी करावयाचे ठरविले, त्यांच्यासाठी दोन शब्द. लघवीची जळजळ किंवा ताप असताना रक्त देऊ नये. नळी घातली असेल तर काही आठवडे जाऊ द्यावे. आदले दोन दिवस सायकलचा मोठा फेरा आणि स्त्रीसंग टाळावा. ग्रंथी लहान करण्यासाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड या गोळ्या काही महिने चालू असल्या तर आकडा सुमारे निम्मा दिसतो, म्हणून त्या डॉक्टरला अवश्य सांगाव्यात. एका अहवालावर कोणतीही शस्त्रक्रिया ठरवू नये. आपल्याला दूर जावयाचे नाही. हिंगणा मार्गावरच डिगडोहच्या टेकडीवर लता मंगेशकर रुग्णालय आहे, शहरात मेडिकल आणि मेयो आहे, कर्करोगासाठी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. स्वतः तुकडोजी महाराज १९६८ साली कर्करोगानेच निवर्तले, हे आपल्यांतील वृद्धांना स्मरत असेल. त्या काळी नागपुरात आजच्यासारखी सोय नव्हती. आज ती असताना एका डॉक्टरच्या मतावर मन न भरल्यास दुसऱ्याचे मत घेण्यात कोणाचाही अपमान नाही.

तेव्हा मंडळापुढील सूचनेस आमची उपसूचना अशी. शिबिरात पी.एस.ए. साठी सरसकट रांग लावू नये. तीऐवजी आडोसा करून एक टेबल आणि तीन खुर्च्या ठेवाव्यात. एक डॉक्टरची, एक पुरुषाची आणि एक त्याच्या पत्नीची. प्रत्येकास निदान दहा मिनिटे मिळावीत. ऐकून घरी जावे, आठ-पंधरा दिवस विचार करावा, आणि ज्याला करावीशी वाटेल त्याच्या तपासणीचा खर्च मंडळाने नंतर द्यावा. ज्याला नकोशी वाटेल त्याला कोणी भित्रा म्हणू नये. अहवाल ज्याचा त्याच्याच हाती द्यावा, मुलाच्या नव्हे, आणि मंडळाच्या फलकावर तर नव्हेच. ज्यांना लघवीचा त्रास आहे त्यांची मात्र नावे त्याच दिवशी वेगळी लिहून घ्यावीत, आणि त्यांना रुग्णालयात पोचविण्याची जबाबदारी आपल्या तरुण मंडळींनी वाटून घ्यावी. शिबिराची तारीख कार्यवाह कळवितीलच. येताना जुने अहवाल आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर आणावीत. आणि तोंडातील खर्रा फाटकाबाहेर टाकून, चूळ भरून आत यावे, कारण पहिले टेबल तोंडतपासणीचे राहणार आहे.